होडीवरचं विनाईल: किती टिकतं, कसं टिकवायचं



१ जूनची मासेमारी बंदी जवळ आली, की सोसायटीच्या ऑफिसात एक प्रश्न हमखास येतो. "यंदा रंग मारू की विनाईल लावून घेऊ?" दहा-बारा वर्षांपूर्वी हा प्रश्न कोणी विचारत नव्हतं. आता कॅनोवर देवाचं चित्र, नाव, पट्टे, नंबर, सगळं विनाईलवर छापून मिळतं. एका दिवसात होडी नवी दिसते. ते दिसणं किती दिवस राहतं, हे मात्र लावून देणारा सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

गेल्या हंगामात आपल्याच एका सभासदाच्या कॅनोवरचा नंबर विनाईलचा होता. जाळ्याच्या दोराने घासून नाळेवरचे शेवटचे दोन आकडे निघून गेले होते. पहाटे परत येताना गस्तीच्या बोटीने थांबवलं. कागद घरी, आकडे अर्धे. चूक गस्तवाल्यांची नव्हती, त्यांनी विचारायलाच पाहिजे. पण खुलासा होईपर्यंत बर्फ वितळला, धक्क्यावर पोचेपर्यंत पावणी आटपली होती आणि मासळी पडेल भावात गेली. नंतर ते विनाईल सोलून काढलं, तर खाली फायबरला वीतभर लांब चीर! आत पाणी मुरलेलं. वरून चकचकीत, म्हणून वर्षभर कोणाला कळलंच नाही.

म्हणून हा लेख. आमचं म्हणणं थोडक्यात एवढंच, की विनाईल हे होडीचं कापड आहे. कापड अंग झाकतं, जखम बरी करत नाही. जागा बघून लावलं आणि नीट सांभाळलं तर पैसे वसूल होतात.

१) विनाईल दोन जातीचं असतं

विनाईल म्हणजे पीव्हीसी प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, मागे गोंद. बनवण्याच्या रीतीवरून त्याचे दोन प्रकार पडतात.

पहिला कॅलेंडर्ड. यात प्लास्टिकचा गरम गोळा लाटण्यांमधून दाबून पातळ करतात, आपण पोळी लाटतो तसा. साधारण ७० ते १०० मायक्रॉन जाडी असते. ताणून बनवल्यामुळे उन्हात तापलं की ते परत आक्रसायला बघतं. कडा मागे सरकतात, गोंद उघडा पडतो, त्यावर धूळ बसून काळी रेघ दिसते. सपाट जागेवर हे चालतं, गोलाईवर दगा देतं. स्वस्त असतं, म्हणून बोर्ड आणि बॅनरवाल्यांकडे बहुधा हेच मिळतं.

दुसरा कास्ट. यात प्लास्टिकचं पातळ द्रावण कागदावर ओतून भट्टीत सुकवतात, घावण घालतात तसं. जाडी साधारण ५० मायक्रॉन. ताण नसल्यामुळे आक्रसत नाही आणि नाळेच्या गोलाईवर नीट बसतं. महाग असतं.

जाड म्हणजे मजबूत, असं आपल्याला वाटतं. इथे उलटं आहे, पातळ कास्ट जास्त टिकतं. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: "कास्ट आहे की कॅलेंडर्ड?" नुसतं "इम्पोर्टेड आहे" हे उत्तर घेऊ नका. रोलच्या खोक्यावर किंवा कंपनीच्या कागदावर प्रकार लिहिलेला असतो, तो दाखवायला सांगा.

आणखी एक गोष्ट. छापील चित्र असेल तर वरून पारदर्शक लॅमिनेशन हवंच. छपाईच्या शाईला ऊन सोसत नाही. लाल आणि पिवळा आधी उडतात, काळा सगळ्यात शेवटी. अंगचाच रंग असलेलं विनाईल कापून बनवलेली अक्षरं छापील अक्षरांपेक्षा जास्त टिकतात, कारण रंग वरच्या वर नसून प्लास्टिकमध्येच असतो.

२) टिकतं किती?

चांगल्या कास्टवर कंपन्या ७ ते १० वर्षं लिहितात, साध्या कॅलेंडर्डवर २ ते ३ वर्षं. हे आकडे बहुतेक उभ्या भिंतीसाठी आणि थंड हवेच्या देशांसाठी असतात. आडव्या जागेला आणि उष्ण प्रदेशाला त्याच कंपन्या मुदत बरीच कमी करतात. आपल्याकडे ऊन, खार, पाऊस आणि घासणं, चारही एकदम. म्हणून कागदावर जेवढं लिहिलंय त्याचं निम्मं धरून हिशेब करा. जास्त टिकलं तर देवाची कृपा.

होडीवर विनाईल कशाने मरतं?

ऊन: प्लास्टिक कडक होतं, रंग उडतो, शेवटी तडे जातात. डेकवर आणि केबिनच्या छतावर सूर्य डोक्यावरून पडतो, तिथलं आधी जातं. बाजूचं त्यामानाने टिकतं.

कड: पाणी मधून कधीच शिरत नाही, कडेतून शिरतं. एक कोपरा उचलला की लाट त्यात बोट घालते.

घासणं: जाळं ओढण्याची बाजू, दोराची जागा, धक्क्यावरचे टायर, शेजारच्या ट्रॉलरची कड. दोन ट्रॉलर एकमेकांना लागून उभे राहिले की मधलं विनाईल चटणीसारखं वाटलं जातं.

डिझेल आणि थिनर: यांनी प्लास्टिक फुगतं आणि गोंद सुटतो.

३) कुठे लावावं, कुठे नाही

लावायला बरी जागा: केबिनच्या उभ्या बाजू, आणि पाण्याच्या वरचा होडीचा उभा भाग जिथे दोर लागत नाही.

लावू नका: पाण्याखाली. साधं विनाईल कायम पाण्यात राहण्यासाठी बनवलेलंच नसतं, त्याला फोड येतात. पूर्ण भरलेली होडी पाण्यात जिथवर बुडते, त्या रेषेच्या निदान एक वीत वर विनाईलची खालची कड यावी. रिकाम्या होडीवरून माप घेऊ नका. मासळी आणि बर्फ भरल्यावर ती किती बसते, ते बघून खूण करा.

काठावर आणि जाळं ओढण्याच्या बाजूला लावू नका, तिथे रंगच बरा. रंग घासला तर संध्याकाळी ब्रश मारता येतो. विनाईल फाटलं तर पूर्ण तुकडा बदलावा लागतो. चालायच्या डेकवर तर मुळीच नको. गुळगुळीत विनाईलवर ओला पाय ठरत नाही, खलाशी पडेल.

लाकडी होडीवर आमचा सल्ला नाहीच. लाकूड पाणी पितं, फुगतं, सुकतं. वरून प्लास्टिक चिकटवलं की आतला ओलावा बाहेर पडत नाही. एकतर विनाईल सुटतं, नाहीतर खाली लाकूड कुजतं. लाकडाला तेल आणि रंग, हीच जुनी रीत चांगली.

४) लावण्याआधी होडीची तपासणी

आपल्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच ठिकाणी होतं. लावणाऱ्या मुलांना तासाभरात काम संपवायचं असतं. होडी आपली आहे, आपण बघायला हवं.

चीर आणि फोड: आधी गोड्या पाण्याने धुऊन, सुकवून, उजेडात सगळं अंग बघा. बोटांनी ठोकून बघा. आवाज बदलला, पोकळ वाटलं, तर तिथे फायबरचे थर सुटलेले असू शकतात. पाण्याचे फोड असतील तर फोडून, पूर्ण सुकवून, रेझिनने दुरुस्त करून मगच पुढचं काम. विनाईलखाली चीर गेली की ती लपते, वाढायची थांबत नाही.

हाताची परीक्षा: जुन्या फायबरवर कोरडा हात फिरवा. हाताला पांढरी पूड लागली तर जेलकोट उन्हाने भुसभुशीत झालाय. त्यावर लावलं तर गोंद पुडीला चिकटेल, होडीला नाही. पॉलिश पेपरने घासून चांगला थर येईपर्यंत काढा, गरज पडली तर नवा रंग द्या.

टेपची परीक्षा: जुना रंग असेल तर त्यावर मजबूत चिकटटेप दाबून लावा आणि झटक्यात ओढा. टेपबरोबर रंग आला तर उद्या विनाईलबरोबरही तोच येणार.

पाण्याची परीक्षा: पाणी मारा. सगळीकडे सारखं पसरलं तर जागा स्वच्छ. थेंब गोळा होऊन पळाले तर मेण किंवा तेल आहे. नव्या फायबर होडीवर साच्यातलं मेण राहिलेलं असतं, तेही काढावं लागतं.

धुणं: साबणाच्या पाण्याने, मग भरपूर गोड्या पाण्याने. खार राहिला तर तो हवेतला ओलावा खेचतो. सुकल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ फडक्याने पुसा, एका फडक्याने ओलं आणि दुसऱ्याने लगेच कोरडं. हे केमिकलच्या दुकानात मिळतं. ते पेट घेतं, म्हणून पेट्रोलची टाकी बाजूला ठेवा आणि विडी-सिगारेट लांब.

नवा रंग: रंग वरून सुकला म्हणजे आतून पिकला असं नाही. त्यातून वाफ निघत राहते आणि विनाईलखाली बुडबुडे येतात. रंगाच्या डब्यावर पूर्ण पिकायला किती दिवस लिहिलेत ते वाचा. घाई नसेल तर तीन-चार आठवडे सोडा.

५) लावताना

वेळ: बंदीत आपल्याकडे वेळ असतो, पण कोरडी हवा नसते. भर पावसात ताडपत्रीखाली लावलेलं विनाईल चतुर्थीपर्यंत सुटलेलं आम्ही पाहिलंय. म्हणून मेच्या पहिल्या पंधरवड्यात दोन-तीन दिवस होडी वर घेऊन काम उरका. नाहीतर पक्क्या छपराखाली करा. तेही जमत नसेल तर पाऊस गेल्यावर करा, तोपर्यंत रंगावर चालवा.

तेही सकाळी, सावलीत. दुपारी फायबर इतकं तापतं की हात ठेववत नाही. हात ठेववत नसेल त्या जागी विनाईल लावू नये, गोंद लगेच पकडतो आणि सुरकुती काढता येत नाही.

कोपरे गोल: प्रत्येक कोपरा गोल कापायला सांगा. टोकदार कोपरा आधी उचलतो. हे फुकटचं काम आहे, फक्त सांगावं लागतं.

जोड कौलासारखा: दोन तुकडे एकमेकांवर बोटभर चढवावेत. कौलं घालताना वरचं कौल खालच्यावर येतं ना, तसंच वरचा तुकडा खालच्यावर. आणि नाळेकडचा तुकडा मागच्या तुकड्यावर, म्हणजे होडी पुढे जाताना पाणी जोडावरून घसरेल, जोडात घुसणार नाही. हे उलटं केलं तर पहिल्याच महिन्यात जोड उघडतो.

गरम करणं: गोलाईवर ताणलेला भाग शेवटी हीट गनने पुन्हा गरम करावा लागतो, चांगल्या कास्टला साधारण ९० ते १०० अंश. म्हणजे ताण विसरून ते त्या आकारात बसतं. बरेच जण ही पायरी गाळतात. तुम्ही समोर उभे राहा.

कडा बंद करणं: समुद्रावरच्या कामाला कडेवर पारदर्शक एज सील टेप किंवा द्रव सीलंट लागतं. खालची कड आणि नाळेकडची कड तरी नक्की बंद करून घ्या. मग निदान एक पूर्ण दिवस, जमल्यास दोन, होडी पाण्यात सोडू नका. गोंदाला पकडायला वेळ लागतो.

६) वर्षभराची निगा

रोज: धक्क्यावर आल्यावर गोड्या पाण्याची बादली. मासळीचं रक्त, खवले, चिकटा आणि पक्ष्यांची घाण त्याच दिवशी काढा. उन्हात सुकली की डाग आत जातो.

आठवड्याला: सौम्य साबण आणि मऊ फडकं किंवा स्पंज. तारेचा काथ्या, नारळाची शेंडी, कडक ब्रश नको. वरून खाली धुवा.

डिझेल सांडलं तर लगेच पुसून साबणाने धुवा. डाग काढायला थिनर, पेट्रोल, ॲसिटोन वापरू नका. डाग जाईल, पण बरोबर रंगही जाईल.

प्रेशर पंपाने धुताना नळी निदान एक फूट लांब आणि समोरून सरळ धरा. तिरकी धरून कडेखाली पाणी मारलं तर आपणच ते सोलून काढतो.

धक्क्याला बांधताना टायर जिथे लागतो ती जागा बघा. टायर दोन फूट पुढे-मागे टांगला तर चित्र वाचतं. टायरवर जुनं जाड कापड किंवा दोर गुंडाळला तर काळे डागही कमी पडतात.

पावसाळ्यात होडी झाकताना प्लास्टिक अंगाला घट्ट चिकटू देऊ नका. आत वाफ धरते, बुरशी येते. आणि वाऱ्यावर फडफडणारी ताडपत्री पॉलिश पेपरसारखी घासते. खाली बांबू घालून हवेला वाट ठेवा. पूर्वी चुडतांची खोप करायचे, त्यात हवा खेळायची. जुन्या माणसांना हे माहीत होतं.

महिन्यातून एकदा सगळ्या कडांवरून बोट फिरवा. घरातल्या पोरांना हे काम द्या, त्यांची बोटं बारीक आणि नजर तल्लख.

७) सुटलं, फाटलं तर

कोपरा उचलला असेल तर त्याच आठवड्यात बघा. खाली खार आणि वाळू गेली नसेल तर पुसून, सुकवून, थोडं गरम करून दाबा आणि कड सील करा. खाली घाण गेली असेल तर परत चिकटवण्यात अर्थ नाही. तेवढा भाग गोल कापून नवा तुकडा लावा. फेविक्विकने चिकटवू नका. नंतर काढताना जेलकोट सोबत येतो.

जुनं काढायचं असेल तर तडे जायच्या आधी काढा. मऊ असताना हीट गनने कोमट करून, कडेला अगदी चपटं धरून, सावकाश ओढलं तर सलग निघतं. कडक झाल्यावर नखाएवढे तुकडे पडतात आणि दोन दिवस मजुरी जाते. काढलेले तुकडे समुद्रात टाकू नका, किनाऱ्यावर जाळूही नका. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, तो घशाला आणि छातीला वाईट. पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीला द्या.

८) पैशाचा हिशेब

समजा ३० फुटी कॅनोला दोन्ही बाजूंनी दीड फूट रुंद पट्टा लावायचाय. ३० गुणिले दीड म्हणजे ४५, दोन बाजूंचे ९० चौरस फूट. वाया जाणारं धरून १०० धरा. समजा स्वस्त माल ६० रुपये फूट, दोन वर्षं टिकला. ६,००० भागिले २, वर्षाला ३,००० रुपये. समजा चांगला माल १५० रुपये फूट, पाच वर्षं टिकला. १५,००० भागिले ५, तेही वर्षाला ३,०००. भाव तुमच्या गावचे घाला, रीत हीच.

वर्षाचा खर्च सारखाच आला तरी स्वस्तात दर दोन वर्षांनी सोलायची मजुरी आणि होडी वर ठेवायचे दिवस आहेत. ते धरले की चांगला माल परवडतो. पण दोर घासणाऱ्या बाजूला चांगला मालही पाच वर्षं टिकणार नाही. तिथे १५० रुपये घालणं म्हणजे पैसा पाण्यात.

९) नंबर रंगानेच घाला

२००८ साली नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला करणारे आले ते 'कुबेर' नावाची मासेमारी बोट पळवून. तेव्हापासून समुद्रात प्रत्येक होडीकडे बघायची नजर बदलली. नंबर हीच लांबून दिसणारी आपली ओळख. तो वाचता आला नाही तर आपण कोण, हे सांगण्यातच पहाट जाते.

म्हणून आमची विनंती आहे, की चित्र आणि पट्टे हवे तर विनाईलचे करा, पण नोंदणीचा नंबर चांगल्या मरीन रंगाने, नोंदणीच्या वेळी सांगितलेल्या जागी आणि आकारात, दोन्ही बाजूंना घाला. चित्राचं टोक नंबरावर येऊ देऊ नका. होडीचा रंगच बदलणार असाल तर आधी मत्स्योद्योग खात्यात विचारून घ्या. आणि कागदांची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून होडीवर ठेवा.

या आठवड्यात एवढं करा: होडीभोवती एक फेरी मारा, सगळ्या कडांवरून बोट फिरवा, आणि वीस पावलं मागे जाऊन नंबर वाचता येतो का बघा. विनाईलखाली कुठे फुगलेलं दिसलं तर थोडं सोलून आत बघायला घाबरू नका. आत चीर निघाली तर बंदीत दुरुस्त होईल. ती न बघता ऑगस्टमध्ये होडी पाण्यात घातली, तर पुढचं दर्यावर अवलंबून.

कोणाला विनाईल घ्यायच्या आधी माल दाखवायचा असेल तर तुकडा घेऊन सोसायटीच्या ऑफिसात या. दहा-बारा जणांचं काम एकत्र निघालं तर दुकानदाराशी भाव बोलायला आम्ही येऊ.

दर्या सगळ्यांना सुखरूप ठेवो.

आपली सोसायटी